लाईन थांबली तर थांबू दे

आज बँकेतून आले ती डोकं तापवूनच आले. चहा घेतला, भांडी घासली, तरी राग जाईना, म्हणून इथे लिहितेय.

वडिलांना, म्हणजे तात्यांना, घेऊन गेले होते. थोडे पैसे काढायचे आणि एक फॉर्म द्यायचा, एवढंच काम. तात्या 79 चे. पार्किन्सन्सला 8 वर्षं झाली. या आजारात नुसते हात कापत नाहीत, अक्षरही बारीक होत जातं. पहिलं अक्षर बरं उमटतं, पुढचं लहान, शेवटचं मुंगीएवढं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सही जुळत नाही, परत करा." परत केली. तीही जुळेना. तिसऱ्या वेळी तात्या पेन टेकवून बसले होते, हात सुटत नव्हता, तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "ताई, तुम्हीच हात धरून उरका ना. आजोबांना कशाला आणायचं या वयात? लाईन थांबलीय."

तात्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "चल, जाऊ."

अरे, हा माणूस 31 वर्षं एसटीत कंडक्टर होता! पसरणी घाटाच्या वळणांवर, खच्चून भरलेल्या गाडीत, कशाला न धरता उभं राहून तिकिटं फाडली यांनी. आणि मी लहानपणी त्यांच्या गाडीतून जायचे ना, तेव्हाचं मला पक्कं आठवतं. म्हातारं माणूस चढून सीटवर टेकेपर्यंत तात्या डबल बेल द्यायचे नाहीत. मागून कुणी ओरडलं तरी नाही. आज त्यांना पाच मिनिटं कुणी दिली नाहीत.

बँकेतल्या मुलीचं मी समजू शकते. नियम तिने केलेला नाही, समोर वीस माणसं उभी. अंगठाही चालतो, दोन साक्षीदार आणले की झालं, हेही तिने सांगितलं. पण तात्यांना अंगठा द्यायचा नाही. "मी सही करणारा माणूस आहे," म्हणतात. आणि तो त्यांचा हक्क आहे.

त्या मागच्या माणसाला मी तिथेच सुनावणार होते. नाही सुनावलं, कारण घाई मीही केलेली आहे. त्याची शिक्षा तात्यांच्या कपाळावर आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अडीचला तात्या बाथरूमच्या दारात अडकले. पार्किन्सन्समध्ये असं होतं, उंबरा आला, अरुंद जागा आली, वळायचं झालं की पाय जमिनीला चिकटतात. डोकं सांगतं चल, पाय ऐकत नाहीत. मी झोपेत होते, सकाळी ऑफिस होतं. "टाका की पाऊल" म्हणून हात धरून ओढलं. वरचं अंग पुढे आलं, पाय तिथेच. चौकटीवर आपटले. चार टाके पडले. टाके घालताना ते मला म्हणत होते, "तुझी झोपमोड झाली गं."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलं, ओढायचं नाही, ताल द्यायचा. फरशीवर पट्ट्या चिकटवा, त्या ओलांडायला सांगा, अंक मोजा. पट्ट्यांनी थोडं जमलं, मोजण्याने नाही. मग एकदा माझ्या मुलाने, त्यांच्या नातवाने, स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवला. टिंग टिंग. आणि तात्यांचा पाय उचलला गेला! डबल बेल! तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक उंबऱ्याजवळ एक पेला आणि चमचा असतो. बेल दिली की तात्या निघतात. कधी लगेच, कधी मिनिटभराने. ते मिनिट आपण उभं राहायचं.

लोकांना हेच एक मिनिट जड जातं. तात्यांचा चेहरा आजारामुळे हलत नाही, म्हणून लोक धरून चालतात की यांना काही कळत नाही. समोर बसलेत तरी मला विचारतात, "आजोबा जेवतात का?" अहो, त्यांना विचारा! उत्तर यायला वेळ लागेल, आवाज बारीक येईल, पण उत्तर येईल. त्यांना सगळं कळतं. आज बँकेतलंही कळलं.

आणि सल्ले! मावशी म्हणते कवचबीजाचं चूर्ण दे. त्यात लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सवरचं औषध, असतं हे खरं आहे, पण तात्यांच्या रोजच्या गोळीतही तेच आहे, मग दोन्ही मिळून पोटात किती गेलं याचा हिशोब कोण ठेवणार? चुलत भाऊ म्हणतो दूध जास्त दे, अशक्त दिसतात. गोळीबरोबर दूध-डाळ पोटात गेली की गोळीचा असर कमी होतो, म्हणून आम्ही अंतर ठेवतो. हे मी किती वेळा सांगायचं? मागे न्यूमोनियाने ॲडमिट केलं तेव्हा वॉर्डात त्यांच्या राऊंडच्या वेळेला गोळी द्यायचे. 7, 11, 3, 7 या वेळा मी कागदावर लिहून दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तात्या लाकडासारखे ताठ झाले, कूस वळवता येईना. भांडून गोळ्या माझ्या ताब्यात घेतल्या. नर्सबाईंवर तीस पेशंट होते, मान्य. पण त्या ताठलेल्या अंगाला ते सांगून काय उपयोग?

सल्ला देणाऱ्यांपैकी एकजण तरी रविवारी येऊन दोन तास तात्यांजवळ बसला का? माझा भाऊ बंगळुरूहून पैसे पाठवतो, रोज फोन करतो, ते नाकारत नाही मी. पण फोनवर बेल देता येत नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मघाशी तात्या खुर्चीत बसून जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला सही गिरवत होते. सात-आठ केल्या असतील. मला पाहून कागद दुमडून ठेवला. मीही काही न पाहिल्यासारखं केलं आणि आत जाऊन रडले.

उद्या परत जाणार आहोत. अकराची गोळी घेतली की तासाभराने हात मोकळा होतो, त्या वेळेला. पिशवीत पेला-चमचा घेणार, बँकेच्या दारातही उंबरा आहे. सही तात्याच करतील. उद्या बाराच्या सुमारास तुम्ही आमच्या मागे उभे असाल तर थोडं थांबा.

सात वाजत आले. गोळीची वेळ झाली.