डबल डी आणि एक निरगाठ

ताम्हिणीतल्या टपरीवर चहाचे पैसे द्यायला वळलो आणि मागे बघतो तर एका काकांनी माझं हेल्मेट डोक्यात घातलेलं. विचारलं वगैरे काही नाही. मागे धबधबा, मध्ये माझी गाडी, गाडीला टेकून काका आणि समोर मोबाइल घेऊन जावई. "एकच फोटो साहेब, जरा बाजूला होता का?" हे मला.

काका मोटारीतून आलेले, पावसात यथेच्छ भिजलेले. केसांना मेंदी, तीही बहुधा आदल्याच दिवशी लावलेली. मेंदीचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फुल फेस हेल्मेट घालायची एक रीत असते. चष्मा आधी काढायचा. दोन्ही पट्टे दोन हातांत धरून बाहेरच्या बाजूला ताणायचे, म्हणजे खालचं तोंड जरा फाकतं आणि कान दुमडत नाहीत. मग डोकं आत घालायचं आणि सगळ्यात शेवटी चष्म्याच्या काड्या कानशिलाजवळून सरकवायच्या. काकांनी यातलं काहीही केलं नाही. ते चष्म्यासकट आत शिरले. हेल्मेटचं माप एल. भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटरवर टेप फिरवून डोक्याचा घेर ५९-६० आला तर हे माप. काकांचा घेर मोजायची संधी मिळाली नाही, पण त्यांच्या घराण्यात एक्सएलच्या खाली कोणी जन्माला येत नसावं.

फोटो झाले. सरळ उभं राहून झाला, अंगठा दाखवून झाला, काच वर करून झाला, काच खाली करून झाला. काच खाली असताना आत कोण आहे हे कळायला मार्ग नव्हता, तरी त्यात काका हसत होते म्हणे. मग काकांनी हेल्मेट काढायला हात वर नेले आणि आतून बारीकसा आवाज आला, "निघंना."

आधी वाटलं, कानच अडकले असतील. जवळ जाऊन बघितलं तर काकांनी पट्ट्याची गाठ मारली होती. गाठ! फोटोत पट्टा लोंबलेला बरा दिसत नाही म्हणून.

आता हा पट्टा डबल डीचा. एका बाजूला दोन कड्या, दुसऱ्या बाजूला मोकळा पट्टा. मोकळा पट्टा आधी दोन्ही कड्यांतून घालायचा, मग बाहेरच्या कडीवरून वळवून फक्त आतल्या कडीतून परत काढायचा आणि ओढायचा. हनुवटी आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जातील इतका. उरलेलं टोक टिचबटणाला लावायचं, नाहीतर वाऱ्यावर फडफडून गळ्याला चावतं. सोडवायला कडीला एक लाल फीत असते, ती ओढली की पट्टा सैल. ह्याला बक्कल नाही, दाते नाहीत, झिजायला काही नाही, आणि दर वेळी आपल्या गळ्याच्या मापाने आपोआप नव्याने बसतो. शर्यतीत म्हणूनच हे वापरतात. खटकन लागणाऱ्या बक्कलात वाईट काही नाही, फक्त लोक ते दुकानात एकदा जसं बसवून दिलेलं असतं तसंच जन्मभर वापरतात. पट्टा इतका सैल की त्यातून पेरू जाईल.

काकांनी पट्टा दोन्ही कड्यांतून घातला होता, पण तो सुटतोय म्हणून वर दोन गाठी मारल्या होत्या. पट्टा ओला, गाठी ओल्या, आणि लाल फीत नेमकी गाठीच्या आत.

"ओढा हो," काकू म्हणाल्या. जावयाने लोणच्याच्या बरणीचं झाकण काढावं तसं हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं आणि वर खेचलं. पट्टा बांधलेला असताना. काका चवड्यांवर उभे राहिले. आतून "कान! कान!" असं काहीतरी आलं. जावयाला ते "ताण! ताण!" ऐकू आलं असावं, कारण त्याने ताणलं.

मी त्याचे हात बाजूला केले. तेवढ्यात भजीवाला कांदा चिरायची सुरी घेऊन आला. "कापून टाका ना पट्टा, दोन मिनिटांचं काम."

हा पट्टा कवचाला रिव्हेट मारून पक्का केलेला असतो. तो कापला की वरचं सगळं कवच, आतला थर्माकोल, काच, अस्तर शाबूत असूनही हेल्मेट मेलं. नवीन पट्टा विकत मिळत नाही आणि मोच्याकडून शिवून घ्यायची ही वस्तू नाही. अपघात झाला असेल तर पट्टा बेलाशक कापावा, तिथे विचार करायचा नसतो. पण इथे अपघात झाला नव्हता. फोटो झाला होता.

"कापायचं नाही," मी म्हणालो. यावर जमलेल्या पंधरावीस लोकांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात मी माणसाच्या जिवापेक्षा वस्तूला जपणारा ठरलो. "भरून देऊ हो किंमत," जावई म्हणाला. "किती असेल, पाचशे?"

चांगल्या हेल्मेटमध्ये गालाच्या पॅडांना खालून लाल फिती असतात, रुग्णवाहिकेवाल्यांसाठी. त्या ओढल्या की दोन्ही पॅड खालून निसटून येतात आणि डोक्याला हिसका न देता हेल्मेट काढता येतं. मी त्या ओढल्या. पॅड हातात आले, काकांचे गाल जागेवर गेले, चष्मा एका कानावरून लोंबकळला. आता आवाज स्पष्ट येऊ लागला. आला नसता तरी चाललं असतं. "म्हणूनच मी पहिल्यापासून सांगतो, हेल्मेट घालायचं नाही! ॲक्सिडेंट झाला तर निघायचं नाही डोक्यातून!"

काका पुण्याचे हे वेगळं सांगायला नको. २०१९च्या जानेवारीत सक्ती आली तेव्हा या शहराने पुणेरी पगड्या घालून निषेध केला होता. पगडी पट्ट्याशिवाय राहते एवढं मान्य. "मानेवर वजन येतं, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस जातात," काका गाठीसकट सांगत होते आणि लोक माना डोलवत होते. खरं तर वेगात ऐकण्याचं वाटोळं वारा करतो. लांबच्या प्रवासात हेल्मेटच्या आत कानात फोमचे बोळे घातले तर वाऱ्याची घरघर कमी होते आणि हॉर्न उलट नीट कळतो. पण हे कोणाला सांगणार? मोटर वाहन कायद्याच्या कलम १२९मध्ये नुसतं हेल्मेट घाला असं नाही, पट्ट्याने पक्कं बांधा असंही म्हटलंय, आणि १९४ डीखाली दंड एक हजार रुपये. काकांनी बांधलं होतं. इतकं पक्कं कोणी बांधलं नसेल.

शेवटी मोटारीतून आजी उतरल्या. काकांच्या सासूबाई असाव्यात, कारण काका एकदम गप्प झाले. त्यांनी गाठ चाचपली, "निरगाठ आहे, ओढून काय सुटतेय?" म्हणाल्या, मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पट्टा दोन्हीकडून गाठीकडे ढकलून सैल केला आणि पिनेने एकेक पदर उचलला. लेंग्याच्या नाड्या सोडवण्यात हयात गेली असणार. गाठ सुटली. मी पट्टे फाकवून हेल्मेट वर काढलं. काकांनी कान जागेवर आहेत का बघितलं आणि मला म्हणाले, "जरा मोठं घेत जा. हवा खेळती राहते."

हवा! हेल्मेट नवीन असताना गाल दाबलेच गेले पाहिजेत, कारण अस्तर वापरून दबतं. पट्टा बांधून मागची कड धरून पुढे ओढावं. डोक्यावरून निघालं तर ते माप आपलं नाही. सैल हेल्मेट पहिल्या आपटीला उडून जातं आणि दुसरी आपटी डोकं खातं. आणि रस्त्याकडेला मिळणारी ती प्लॅस्टिकची टोपी तर पोलिसासाठी असते, डोक्यासाठी नव्हेच. १ जून २०२१पासून आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. तरी विकतात, आणि काही टोप्यांवर ते चिन्हही छापून देतात.

राग काकांचा नाही. थोडा आहे. खरा राग त्या खेचण्याचा आहे. घाटात कोणी पडलं की हीच पंधरावीस माणसं धावतात, आणि पहिलं काम काय करतात? हेल्मेट उपटतात आणि तोंडावर पाणी ओततात. मानेचा मणका दुखावलेला असेल तर त्या एका हिसक्यात माणूस जन्माचा आडवा. आधी काच वर करावी, श्वास चालू आहे का बघावं, बोलत असेल तर बोलू द्यावं, १०८ला फोन लावावा. श्वास अडत नसेल, उलटी होत नसेल, तर हेल्मेट तसंच राहू द्यावं. काढावंच लागलं तर दोघं हवेत: एकाने डोक्याच्या मागे बसून हेल्मेट हलू न देता धरायचं, दुसऱ्याने पट्टा सोडून एक हात जबड्याला आणि एक हात मानेखाली लावून आधार द्यायचा, मग पहिल्याने पट्टे फाकवत हळूहळू सरळ ओढायचं. टपरीवर हे सांगून बघितलं. एकाने विचारलं, "हे किती सीसीचं?"

काकांनी "सॉरी हं" म्हणून भज्यांची प्लेट पुढे केली. गार होती.

अस्तर धुणं सोपं असतं. टिचबटणं काढून सगळे भाग सुटे करायचे, कोमट पाण्यात लहान मुलांच्या शांपूने हाताने चेपायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. मशीन नको, ड्रायर नको, आणि कवच पुसायला पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, पॉलिकार्बोनेट त्याने ठिसूळ होतं. जुलैच्या हवेत अस्तर पंख्याखालीही वाळता वाळत नाही. वास गेला. तेल गेलं. मेंदी गेली नाही. कपाळाच्या रेषेत काकांची नारिंगी महिरप आहे. दुकानदाराकडे चौकशी केली. गालाची पॅडं सुटी मिळतात म्हणाला, टाळूचं अस्तर मागवावं लागेल, आणि ते फक्त एम आणि एक्सएलमध्ये आहे.