‘तान्ह्याला काय कळते?’ या प्रश्नाचे उत्तर

बाळंतिणीच्या नैराश्याबद्दलचा एक मजकूर सध्या घरोघरी मोबाइलवर फिरतो आहे. ‘आपल्या आज्यांना आठ-आठ मुले झाली, त्यांना कधी डिप्रेशन आले नाही, हे शहरी चोचले आहेत. बाळाला दूध मिळाले की पुरे, आईच्या मनातले तान्ह्याला काय कळते? शिवाय गोळ्या सुरू केल्या की दूध तोडावे लागते,’ असे त्यात म्हटले आहे.

आजीच्या काळी अशा बाईला ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगारा लावला जाई. आजार होता, नाव वेगळे होते. चोचल्यांचे म्हणाल, तर मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात सुमारे २३ टक्के मातांना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य असल्याचे आढळले आणि त्यामागे पैशांची ओढाताण, उपासमार, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याचा सल ही कारणे दिसली.

गोव्यातीलच १७१ बाळांच्या पाहणीत, आई नैराश्यात असलेल्या बाळांचे वजन आणि लांबी सहाव्या महिन्यात कमी भरली, मानसिक विकासाचे गुणही कमी आले. म्हणजे ‘दूध मिळाले की पुरे’ हेही खरे नाही.

तान्ह्याला काय कळते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रोनिक यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. बाळाशी खेळणाऱ्या आईला त्यांनी काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले; बाळ आधी हसले, मग हात पुढे केले, किंचाळले आणि शेवटी मान फिरवून बसले. एरवी बाळाने ‘आगूं’ केले की आई ‘कुणाला गं हाक मारतेस?’ म्हणते आणि भाषेची सुरुवात या देवाणघेवाणीतून होते. नैराश्यात आईची माया आटत नाही, पण तिचे उत्तर उशिरा येते किंवा येतच नाही, आणि हे महिनोन्महिने चालले की बाळही साद घालणे कमी करते. यात तिचा दोष काडीचाही नाही, हे मला ठासून सांगायचे आहे.

गोळ्यांविषयीची भीती तर सर्वांत घातक आहे, कारण तिच्यापायी उपचारच टळतात. सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरील औषधाचा दुधात उतरणारा अंश अत्यल्प असतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेत अंगावर पाजता येते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारांनी आईचे नैराश्य ओसरले, तेव्हा तिच्या ७ ते १७ वर्षांच्या मुलांचे मानसिक त्रासही घटले.

रडू येणे, झोप उडणे, बाळाला जवळ घ्यावेसेही न वाटणे हे दोन आठवड्यांपलीकडे टिकले, तर सासूबाईंनी किंवा नवऱ्याने तिला घेऊन डॉक्टरांकडे जावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.