प्रवेश घेताना क्रमांकाच्या पलीकडे काय पाहावे

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या याद्या येऊ लागल्या की आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत एकच विचारणा सुरू होते: "कुठे मिळालं?" उत्तरात बाहेरगावच्या मोठ्या संस्थेचे नाव आले तर पेढे मागितले जातात, "इथेच, एम. एस.ला" (म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाला) असे उत्तर आले तर समोरचा माणूस समजूत घातल्यासारखे बोलू लागतो. हे मला मनापासून खटकते, कारण त्या सुरामुळे मूल काय शिकणार हे ठरण्याआधीच ते कोणत्या नावाखाली शिकणार हे घरात ठरून जाते.

सध्या माझ्या भाचीच्या घरी हाच विषय चालू आहे. दिल्लीच्या एका नामवंत महाविद्यालयात तिला प्रवेश मिळतो आहे, पण गुणांच्या हिशेबात जो विषय वाट्याला आला तो तिने कधी मागितलेला नव्हता. तिला शिकायचे आहे ते मानवी विकास, म्हणजे बालपणापासून माणूस कसा घडत जातो याचे शास्त्र. आणि तो विषय आपल्या विद्यापीठात, पूर्वी ज्याला होम सायन्स म्हणत त्या फॅकल्टीत, अनेक दशके शिकवला जात आहे. ही मुलगी सुट्टीत शेजारच्या बालवाडीत मदतीला जाते. तीन वर्षांची दोन मुले एकाच लाल डब्यासाठी भांडली, बाईंनी मध्ये न पडता वाट पाहिली, आणि शेवटी एकाने डबा व दुसऱ्याने झाकण घेऊन खेळ पुढे चालू केला, हे तिने मला किती बारकाईने सांगितले! भावोजींचे म्हणणे मात्र एवढेच आहे की "नाव मोठं असलं की विषय पुढे बदलता येतो." मी त्यांना म्हटले, "अहो भावोजी, विषय बदलता येईल, पण न आवडणाऱ्या विषयात घालवलेली तीन वर्षे तिला परत कोण देणार?"

ज्या क्रमवारीचा आधार घेऊन आपण ही नावे लहानमोठी ठरवतो, ती कशी बनते हे पाहायला हवे. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तिच्या विद्यापीठांच्या यादीत अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवीधरांच्या पुढील वाटचालीला २० टक्के, समावेशकतेला १० टक्के आणि लोकमतातील प्रतिमेला १० टक्के वजन असते. संशोधन मोलाचेच आहे, पण ज्यांचे शोधनिबंध मोजले गेले ते प्राध्यापक पहिल्या वर्षाच्या वर्गावर येतात की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय विद्यापीठाचा क्रमांक हा सगळ्या विभागांचा मिळून असतो आणि विद्यार्थी बसतो तो एका विभागात.

आपल्याच गावातले एक उदाहरण सांगते. वेंकटरमण रामकृष्णन यांचे बालपण बडोद्यात गेले. आयआयटीत आणि वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला नाही. १९७१ मध्ये त्यांनी एम. एस. विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, ओहायो विद्यापीठातून त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर भौतिकशास्त्र सोडून सॅन दिएगोला जीवशास्त्र पुन्हा विद्यार्थी होऊन शिकायला बसले. रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या घटकाच्या, रचनेवरील कामासाठी २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे आईवडील दोघेही वैज्ञानिक होते, ही अनुकूलता प्रत्येकाला मिळत नाही, हे मान्य. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे की जिथे शिकायला मिळेल तिथे जाण्याची मोकळीक त्यांनी स्वतःला दिली.

फाइन आर्ट्सचेही तसेच आहे. १९५० मध्ये ही फॅकल्टी सुरू झाली तेव्हा मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय कितीतरी जुने आणि मान्यवर होते. तरी मुले बडोद्याला येत राहिली, कारण बेंद्रे, शंखो चौधरी आणि पुढे सुब्रमण्यन यांच्यासारखे स्वतः काम करणारे कलावंत त्यांना येथे शिकवीत होते. चित्रकार भूपेन खख्खर तर मुंबईत सनदी लेखापाल झाल्यावर १९६० च्या दशकात येथे आले.

नावाला काहीच अर्थ नाही असे मात्र मी म्हणणार नाही. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच कुवतीच्या आणि सारख्याच महाविद्यालयांत निवड झालेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली, तेव्हा अधिक निवडक महाविद्यालयात गेल्याने पुढच्या कमाईत सरासरी विशेष फरक पडलेला दिसला नाही. परंतु गरीब घरातून आलेल्यांना मात्र त्याचा फायदा झाला. हे पटण्यासारखे आहे. ज्या घरातले पहिलेच मूल पदवीपर्यंत पोहोचत आहे, ज्यांच्या ओळखीत कोणी अधिकारी नाही की प्राध्यापक नाही, त्यांना मोठ्या संस्थेचे नाव जी दारे उघडून देते ती दुसऱ्या कशाने उघडत नाहीत. अशा मुलाला मी "आवडीचा विषय बघ" असा उपदेश करणार नाही. पण माझ्या भाचीच्या घरी तीन पिढ्या शिकलेल्या आहेत आणि तिला आधार द्यायला माणसे आहेत. तिच्या बाबतीत नावाचा हा हट्ट प्रतिष्ठेसाठी आहे, असेच मला वाटते.

म्हणून मी ताईला सुचवले आहे की दोन्ही ठिकाणी कामकाजाच्या दिवशी जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठावे. तास नियमित होतात का, शंका विचारायला शिक्षक भेटतात का, प्रत्यक्ष मुलांबरोबर काम कधीपासून करायला मिळते, वसतिगृहाचा खरा खर्च किती येतो, हे त्यांच्याइतके नेमके कोणतेही माहितीपत्रक सांगणार नाही. आपल्यापैकी कोणी या विभागात अलीकडे शिकले असेल, किंवा कोणाची मुलगी दिल्लीला मनाविरुद्धचा विषय घेऊन गेली असेल, तर कृपया मला कळवावे. मी तिची आणि भाचीची गाठ घालून देईन. शुल्क भरण्याची मुदत जवळ आली आहे.