खिडकी बंद करा म्हणे!

डोकं फिरलंय माझं. नवतपा सुरू, नागपूरचा पारा 45 च्या वर आणि घरात कूलर गरम हवा फेकतोय. मी ऑफिसात. आईने कंपनीच्या नंबरवर फोन लावला, तर तिथे माणूसच नाही. 'आमच्या एआय सहायकाशी चॅट करा.'

76 वर्षांच्या बाईने चष्मा लावून एकेक अक्षर टाइप केलं: खोली थंड होत नाही. उत्तर आलं, 'दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा.'

अरे, एसी आहे का तो? कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होते म्हणून हवा गार होते. ती दमट हवा बाहेर जायला वाट नको? इतवारीतलं शाळकरी पोरही सांगेल! आईने तर चाळीस उन्हाळे कूलरवर काढलेत. पण 'कंपनीवाले म्हणतात तर असेल' म्हणून तिने सगळं लावून घेतलं. मी घरी पोचलो तेव्हा खोलीचं न्हाणीघर झालेलं, आई ओला पंचा डोक्यावर घेऊन धापा टाकत होती. चक्कर येऊन पडली असती तर?

आणि यंत्राला साधं व्यवहारज्ञान नसण्याचं हे दुखणं काही आजचं नाही. एआयचा पाया घालणारे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी, त्यांनी 1959 सालीच मांडलं होतं की सांगितलेल्या गोष्टीचे उघड परिणाम यंत्राला आपणहून काढता आले पाहिजेत. त्याच क्षेत्रातले संशोधक डग्लस लेनाट यांनी 1984 मध्ये 'साइक' प्रकल्प काढला आणि रोजच्या जगण्यातलं साधंसुधं ज्ञान माणसं बसवून हाताने भरून घेतलं, वर्षानुवर्षं. कारण असल्या गोष्टी कोणी लिहीतच नाही. कूलर लावला की समोरचं दार किलकिलं ठेव, हे आजी ओरडून सांगते, आपण ऐकतो, झालं. लिहिलेल्यावर शिकलेल्या यंत्राला ते कुठून कळणार? मग लोकांना विचारायला एक जाणता माणूस तरी ठेवा ना! पगार वाचवायला म्हाताऱ्या माणसांचा जीव टांगणीला?

संध्याकाळी गल्लीतला मिस्त्री आला. ताटी बोटाने दाबून बघितली. अर्धी कोरडी. क्षाराने नळीची भोकं बुजलेली. सुईने मोकळी केली, दहा मिनिटांत पाणी झिरपायला लागलं.

मग खिडकीकडे बघून आईला म्हणाला, "माय, ही काहून लावली?"

आई माझ्याकडे बघत राहिली.