‘दीड वर्षात एकही ग्रेड नाही’ या अभिप्रायाला क्लासतर्फे उत्तर

नमस्कार.

आपण आमच्या पियानो क्लासला दोन स्टार देऊन लिहिलेला अभिप्राय मी पूर्ण वाचला. इतर पालकांना संदर्भ कळावा म्हणून त्यातले मुद्दे आधी मांडते. मुलगा दीड वर्ष येतोय, पण त्याला एबीआरएसएमच्या (संगीताच्या ग्रेड परीक्षा घेणारी ब्रिटिश संस्था) एकाही ग्रेडला बसवलेलं नाही. सोसायटीतली त्याच्याच वयाची मुलगी दुसरीकडे शिकते, तिची ग्रेड 2 होत आली. इथे सर्टिफिकेट नाही, बक्षीस नाही. वार्षिक कार्यक्रमात त्याच्या वाट्याला जेमतेम मिनिटभराचा तुकडा आला. आणि मुख्य म्हणजे तो घरी वाजवायला बसतच नाही. ‘मुलांना गोडी लावणं हे शिक्षकाचं काम, फी आम्ही त्याचीच भरतो,’ असं आपण लिहिलं आहे.

आपल्या मुलाची प्रगती, त्याच्या अडचणी याबद्दल मी इथे एक अक्षरही लिहिणार नाही. लहान मुलाबद्दल चारचौघांत लिहू नये असं मला वाटतं, ते आपण समोरासमोर बसून बोलू. पण हे प्रश्न बरेच पालक विचारतात, म्हणून क्लास असा का चालतो ते सविस्तर सांगते.

गोडीपासूनच सुरुवात करते. गोडी लावणं माझं काम आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. फक्त ‘आधी गोडी लागेल, मग मूल रियाजाला बसेल’ असा क्रम मला लहान मुलांत क्वचितच दिसला. आज दिलेलं काम आजच जमलं आणि ते कानाला गाण्यासारखं लागलं, की उद्या मूल आपणहून बसतं. माझी सगळी खटपट त्यासाठी असते.

म्हणून सुरुवातीचे बरेच महिने मी मुलांच्या शेजारी बसून चार हातांचे तुकडे वाजवते. डियाबेली या संगीतकाराचा ऑपस 149 (म्हणजे रचना क्रमांक 149) हा 28 तुकड्यांचा संग्रह अशाच शिकणाऱ्यांसाठी आहे. विद्यार्थ्याचा भाग फक्त पाच सुरांत बसतो, हात जागचा हलवावा लागत नाही, खालची सगळी भरणी शिक्षक करतो. सात वर्षांचं मूल पाच पट्ट्या वाजवतं आणि खोलीत मात्र भरगच्च संगीत ऐकू येतं. बाहेर बसलेल्या पालकांना वाटतं, हा अजून पाच सुरांतच अडकलाय. आत तो दुसऱ्याचं ऐकत वाजवायचं, लय सोडायची नाही, चुकलं तरी थांबायचं नाही, हे शिकत असतो. हे एकट्याने वाजवून येत नाही.

आपल्याकडच्या घरांतली आणखी एक गोष्ट आहे. बऱ्याच घरांत पेटी असते, आजी-आजोबा भजनाला वाजवतात. त्या मुलांचा कान तयार असतो आणि उजवा हात पटकन धावतो. पण पेटीवर डावा हात भात्यावर असतो, पियानोवर त्याला उजव्याइतकंच काम असतं. एखादं ओळखीचं गाणं उजव्या हाताने बसवलं की घरी सगळे खूश होतात. मग डावा हात जोडायची वेळ येते, जमलेलं सगळं कोसळतं, आणि ‘मला नाही जायचं क्लासला’ हे वाक्य मी त्याच महिन्यात जास्त ऐकलंय. त्यामुळे आमच्याकडे डावा हात पहिल्या दिवसापासून असतो. बार्टोक या संगीतकाराच्या ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानो शिकणाऱ्यांसाठीच्या संग्रहात 153 तुकडे आहेत, पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला, पेटरला अर्पण केले. त्यातले अगदी सुरुवातीचे तुकडे म्हणजे दोन्ही हातांत एकच चाल. पाहुण्यांसमोर वाजवून दाखवावेत असे ते नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांचे दोन्ही हात असे बरोबरीने वाढले, ती मुलं पुढे टिकतात.

आता ग्रेडबद्दल. परीक्षेला माझा विरोध नाही, आमची मुलंही परीक्षा देतात. पण एबीआरएसएमच्या प्रॅक्टिकल, म्हणजे वाजवून दाखवायच्या परीक्षेचं गणित पालकांनी एकदा बघावं. एकूण गुण 150. त्यातले 90 तीन तुकड्यांना, उरलेले 60 स्केल्स (सुरांच्या चढत्या-उतरत्या ओळी), न पाहिलेलं वाचून वाजवणं आणि कानाची परीक्षा यांना. पास व्हायला 100 लागतात आणि प्रत्येक भागात वेगळं पास व्हायची अट नाही. म्हणजे वर्षभर तीनच तुकडे बोटं बघून घोटून घेतले आणि त्यांत 75–80 मिळवले, तर बाकीच्यात थोडंफार जमलं तरी मूल पास होतं. स्वरलिपी नीट वाचता न येताही. पुढच्या वर्षी पुन्हा तीन तुकडे, पुन्हा तेच. ग्रेड 6 ला बसायचं तर त्याआधी साधारणपणे ग्रेड 5 ची थिअरी, म्हणजे स्वरलिपी आणि संगीताच्या नियमांची परीक्षा, पास व्हावी लागते, आणि तिथे न वाचणारं मूल अडतं. तोवर ते बारा-तेरा वर्षांचं झालेलं असतं, शाळेचा अभ्यास वाढलेला असतो, आणि इतक्या वर्षांची मेहनत तिथेच सुटते. अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्यांच्या बोटांत कमी काहीच नसतं. सोसायटीतल्या त्या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती छानच वाजवत असेल आणि तिचं कौतुक व्हायलाच हवं. आमचा नियम एवढाच आहे की कधीही न पाहिलेले आठ बार (स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे छोटे भाग) मुलाला स्वतः वाचून वाजवता आले, की मगच ग्रेड 1 चा फॉर्म भरायचा. कुणाला त्याला वर्ष लागतं, कुणाला दोन.

बक्षिसं आणि सर्टिफिकेटं मी मुद्दामच ठेवलेली नाहीत. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवली, तेव्हा प्रमाणपत्राचं आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. ‘दहा वेळा वाजव, चॉकलेट देते’ हा सौदा म्हणूनच मला नको असतो. दहाव्या वेळी मूल चॉकलेटकडे बघत वाजवतं. एखादी ओळ खरंच सुरेख वाजली, तर मी त्याला सांगते, ‘इथे तू हळू केलंस ना, ते मला फार आवडलं. परत वाजव.’ तेवढ्यावर मुलं ती ओळ मनापासून पुन्हा वाजवतात.

कार्यक्रमातला मिनिटभराचा तुकडा मुलांनी स्वतः निवडलेला असतो. मी तीन तुकडे वाजवून दाखवते, त्यातला एक ते घेतात, आणि तिन्ही त्यांच्या तयारीपेक्षा पायरीभर सोपे असतात. अनोळखी लोकांसमोर, घामेजलेल्या बोटांनी वाजवायचं असतं. अवघड तुकड्यात मध्येच अडकून रडत उतरलेलं मूल पुढच्या वर्षी नाव देत नाही.

मोठे तुकडे आम्ही जरूर करतो, पण त्यांना वेळ देतो. जी मेजर या स्केलमधल्या मिन्युएटचंच (जुन्या युरोपीय नाचाच्या चालीचा तुकडा) उदाहरण घ्या. संगीतकार बाखची बायको आन्ना माग्डालेना हिच्या 1725 च्या वहीतला हा तुकडा बाखच्या नावावर खपतो, लिहिलेला आहे क्रिस्तियान पेट्झोल्डने. एकूण 32 बार. तो मी शेवटाकडून शिकवते. आधी शेवटचे दोन बार पक्के, मग त्याआधीचे दोन त्यांना जोडायचे, असं करत मागे यायचं. मूल वाजवू लागलं की प्रत्येक वेळी नवख्या जागेतून ओळखीच्या जागेत जातं, आणि शेवट दर वेळी हाताशी येतो. घरी बहुतेक मुलं उलट करतात. पहिल्यापासून सुरू, अडखळलं की परत पहिल्यापासून. पहिली ओळ पन्नास वेळा होते, शेवटची जेमतेम तीनदा, आणि अडखळायची जागा तीच राहते. या मिन्युएटमध्ये ती जागा हमखास 20 वा बार असते. पहिल्या भागात सी साधा वाजवून बोटांना सवय झालेली असते, आणि इथे अचानक सी शार्प, म्हणजे त्याच्या उजवीकडची काळी पट्टी, येते. मी मुलांना तो एकच बार रंगीत पेन्सिलने चौकट करून घरी देते. त्या दिवसाचा रियाज तेवढाच. तो चार-पाच मिनिटांत जमतो, आणि जमलेलं काम सोडून मूल लगेच उठत नाही, आणखी थोडं वाजवतं.

घरी तो बसत नाही, असं आपण लिहिलंत. मी पियानो किंवा कीबोर्ड कुठे ठेवलाय ते आधी विचारते. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, वर इस्त्रीचे कपडे, सुरू करायला आधी वायर शोधायची, असं असेल तर मोठं माणूसही बसणार नाही. तो हॉलमध्ये, उघडा, जाता-येता एक बोट ठेवता येईल असा हवा. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या, मान आणि खांदे लगेच सैल होतात. शक्य असेल तेव्हा 61 हलक्या कीजच्या कीबोर्डवरून 88 वजनदार कीजच्या डिजिटल पियानोवर या. हलक्या कीजवर हळू-जोरात हा फरक बोटांना नीट कळत नाही, आणि संगीतातली निम्मी मजा त्यातच आहे. शेजाऱ्यांचा विचार करून हेडफोन लावणं मी समजू शकते, पण सतत हेडफोन म्हणजे मुलाचं वाजवणं घरात कुणी ऐकतच नाही. संध्याकाळी दहा मिनिटं हेडफोन काढा. ‘बसलास का?’ असं विचारण्याऐवजी ‘कालचं ते परत वाजव ना, मला ऐकायचंय’ असं म्हणून बघा. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रविवारी सलग दीड तास बसवलेलं मूल सोमवारी पियानोकडे फिरकत नाही.

एवढं वाचूनही आपल्याला क्लास बदलावासा वाटला, तर न झालेल्या तासांची भरलेली फी आम्ही परत करतो, प्रवेशाच्या फॉर्मवर तसं छापलेलं आहे. त्याआधी एकदा त्याच्या तासाला मागे खुर्ची टाकून पूर्ण अर्धा तास बसा, अशी माझी विनंती आहे. आधी कळवायची गरज नाही. तास संपल्यावर घरातला रियाज कधी आणि किती ते तिघं मिळून ठरवू. पुढचा तुकडा निवडायची वेळही आलीच आहे. मी तीन वाजवून दाखवेन, निवडायचा मात्र त्याने.