सरळ पंखांचं विमान म्हणे धोक्याचं!

मावशीने कोल्हापूर-हैदराबादचं तिकीट कॅन्सल केलं. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड: मागे कललेले पंख सुरीसारखी हवा कापतात, सरळ पंखांची विमानं जुनाट आणि धोक्याची, त्यात बसू नका, सरळ पंखाने ध्वनीचा वेग ओलांडताच येत नाही, आणि हा शोध जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या मेसरश्मिट २६२ या जेट लढाऊ विमानासाठी लावला, बाकीच्यांनी चोरला.

आधी ते 'बसू नका' घेतो, कारण पैसे त्याच्यापायी गेलेत. मावशीचं विमान एटीआर ७२, प्रोपेलरवालं, ताशी ५०० किमीच्या आसपास जाणारं. पंख मागे कलवायची गरज पडते ध्वनीच्या वेगाजवळ गेल्यावर. पंखावरची हवा विमानापेक्षाही जोरात धावते, त्यामुळे विमान अजून ध्वनीच्या आत असतानाच तिथे शॉक वेव्ह (हवेच्या दाबाची अचानक उभी राहणारी भिंतच म्हणा) तयार होते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, एकदम चढतो. पंख तिरका केला की वेगाचा पंखाशी काटकोनातला भागच काय तो मोजायचा. बोईंग ७४७ चे पंख ३७.५ अंश मागे, म्हणजे मॅक ०.८५ ला (ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट) पंखाला जाणवतो साधारण ०.६७. सुरीबिरी काही नाही! एटीआर त्या वेगाच्या आसपासही फिरकत नाही, मग तिरका पंख लावून करायचं काय? उलट तोटाच, कमी वेगात लिफ्ट (वर उचलणारा जोर) कमी मिळते, हवा टोकाकडे सरकते, टोकं आधी स्टॉल होतात, म्हणजे तिथली लिफ्ट एकदम जाते, आणि नाक वर उचललं जातं. आपल्या ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीने बनवलेलं मिग-२७ हे लढाऊ विमान आठवा, त्याचे पंख उडताना मागेपुढे करता यायचे, जोरात जाताना पंख ७२ अंश मागे, आणि उतरताना? १६, म्हणजे जवळपास सरळच. मागे कललेला म्हणजे सेफ असता तर हा उपद्व्याप कुणी केला असता का.

ध्वनीच्या वेगाचं: १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगर या अमेरिकन वैमानिकाने तो पहिल्यांदा ओलांडला त्या बेल एक्स-१ चे पंख सरळ होते, फक्त पातळ. विषय संपला.

जर्मनांचं अर्धं खरं आहे, करतो मान्य. बुझेमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ ला रोमच्या परिषदेत तिरक्या पंखाची कल्पना मांडली (सगळ्यांसमोर, तिजोरीत नाही), आणि १९४५ ला जर्मन कागद बघून बोईंगने बी-४७ या बॉम्बर विमानाच्या आराखड्यातले सरळ पंख बदलले. पण अमेरिकेत रॉबर्ट जोन्स या इंजिनिअरने त्याच १९४५ साली स्वतःच हे गणित मांडलं होतं. आणि मेसरश्मिट २६२ चे पंख १८.५ अंश मागे होते, ते? इंजिनं ठरल्यापेक्षा जड झाली, तोल सावरायला पंख मागे घेतले, वेगाशी संबंध नाही.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणते, ते ठीक आहे रे, पण पंखे बाहेर उघडेच फिरतात त्याचं काय?