मर्यादेच्या चार पौंड वर

श्रीमंत पेन्शनरांना हिवाळ्यात हीटिंगसाठी ब्रिटिश सरकारने २००-३०० पौंड (विंटर फ्युएल पेमेंट) का द्यावेत, हा एका लेखात विचारलेला प्रश्न रास्त आहे. पण २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये कात्री लागली ती काही फक्त श्रीमंतांना नाही. पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारा सरकारी भत्ता) किंवा तत्सम भत्ता नसेल तर विंटर फ्युएल पेमेंट बंद! एकट्या माणसासाठी पेन्शन क्रेडिटची उत्पन्नाची रेषा साधारण आठवड्याला २१८ पौंडांची. आमच्या शेजारच्या आजी त्या रेषेच्या चार पौंड वर. जानेवारीत चहाला गेले तर घरातच अंगात कोट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि स्मार्ट मीटरचा डिस्प्ले भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. म्हणाल्या, "आकडा दिसला की हीटिंग बंद करावंसं वाटतं."

मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकीत सरकार चालवणाऱ्या लेबर पक्षाचे कार्यकर्ते दारोदार यावरूनच बोलणी खात होते. (नगरसेवकांच्या हातात यातलं काहीच नव्हतं, बिचारे!) पक्षाला फटका बसला आणि जूनमध्ये नवी मर्यादा जाहीर झाली: वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांपर्यंत असेल तर हे पैसे मिळणार. हा हिशोब आधी करायला काय झालं होतं? आजींना पैसे पुन्हा सुरू झाले, पण त्या हिवाळ्याचे बुडाले ते बुडालेच.